मालगाडीचा कसला फोटो काढता?

माणसाला एखादा छंद असावा, असे सगळेच सांगतात. तो कोणता नसावा, हे मात्र छंद लागून गेल्यावर सांगतात. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला लोक विद्वान समजतात. काड्यापेट्यांचे छाप जमवणाऱ्याकडे वर्तमानपत्रवाले येऊन जातात. पक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस चार-चार तास झुडपात बसून राहिला तरी त्याला 'निसर्गप्रेमी' म्हणतात. एरवी झुडपात बसणाऱ्यांसाठी आमच्याकडे निराळे शब्द आहेत. पण यार्डाच्या बाजूला उभे राहून मालगाडीच्या जुन्या इंजिनाचे फोटो काढणाऱ्याला काय म्हणावे, यासाठी मराठीत अजून शब्द नाही. जे होते ते आमच्या घरच्यांनी वापरून संपवले.

तो माणूस मी. मुक्काम पोस्ट आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली. आष्ट्यात ऊस आहे, हळद आहे, चौंडेश्वरीचे देऊळ आहे, भावईचा उत्सव आहे. नाही ती एकच गोष्ट, रेल्वे. इंजिन बघायचे तर एसटीने सांगली आणि पुढे मिरज गाठावी लागते. "ज्या गावाला रूळ नाहीत त्या गावच्या माणसाला इंजिनाचं कसलं आलंय कौतुक?" असे आमचे मेहुणे विचारतात. मेहुणे पुण्याला असतात. पुण्याच्या माणसाला कौतुक ही गोष्टच मुळात संशयास्पद वाटते, पण ते असो. मी त्यांना सांगतो, समुद्र बघून वेडा होतो तो घाटावरचा माणूस. कोकणातला माणूस समुद्राकडे पाठ करून सुपारी सोलत बसतो.

तर हा लेख मी कौतुकासाठी लिहीत नाही, भांडायला लिहीत आहे. भांडण तिघांशी आहे. पहिले घरचे, दुसरे वाफवाले आणि तिसरे पाटीवाले. तिघांचा प्रश्न मात्र एकच, आणि तो मी गेली कित्येक वर्षे एकाच सुरात ऐकत आलो आहे : "मालगाडीचा कसला फोटो काढता?"

घरच्यांपासून सुरुवात करू. ते जवळ आहेत.

घरच्यांचे म्हणणे असे, की फोटो काढायचा तो बघण्यासारख्या वस्तूचा. डेक्कन क्वीनचा काढा. वंदे भारतचा काढा. माथेरानच्या छोट्या गाडीचा काढा, पोरे तरी दिसतील त्यात. डेक्कन क्वीनबद्दल मला आदर आहे. १ जून १९३० ला सुरू झालेली ती बाई अजून टापटीप राहते. तिच्या वाढदिवसाला पुणे स्टेशनवर केक कापतात, हार घालतात. माझे म्हणणे एवढेच, की केकचा मैदा, साखर आणि ओव्हनचा कोळसा किंवा गॅस ज्या गाडीने आला तिच्या इंजिनाला निदान एक फूल तरी वाहा.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही, हिशेबाने बोलतो. रेल्वेच्या उत्पन्नाचा सुमारे दोन तृतीयांश भाग मालवाहतुकीतून येतो. तुमच्या-आमच्या तिकिटाच्या पैशात गाडी चालत नाही. हे मी म्हणत नाही, काही वर्षांमागे रेल्वेने तिकिटावरच छापले होते, की प्रवासखर्चापैकी फक्त ५७ टक्के रक्कम तुमच्याकडून वसूल होते. उरलेली कोण भरते? त्याचा बराचसा भार यार्डात काळा धूर सोडत उभ्या असलेल्या त्या थोराड इंजिनाच्या कमाईवर पडतो. म्हणजे घरात कमावता भाऊ एक, आणि लग्नाच्या फोटोत पुढच्या रांगेत बसलेले बाकीचे सगळे! कमावता भाऊ कुठे आहे? तो मांडवात खुर्च्या लावतोय.

इतिहासही घरच्यांच्या बाजूने नाही. आपल्याला शाळेत शिकवले, की रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघाली, तोफांची सलामी झाली, पाहुणे बसले. खरेच आहे. पण त्याच्या आधी १८३७ साली मद्रासेत रेड हिलच्या रुळांवरून दगडांची वाहतूक सुरू झाली होती. १८५१ साली रुरकीजवळ सोलानी नदीवरच्या कालव्याच्या पुलासाठी इंजिन माती ओढत होते. म्हणजे या देशात रेल्वेने आधी दगड वाहिले, मग माती वाहिली आणि त्यानंतर साहेबलोक वाहिले. स्वतंत्र भारतात १९५० साली चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलेले पहिले इंजिन, 'देशबंधू', हे मालगाडीचे. त्याच कारखान्याने १९७० साली ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन बनवले, त्याचे नाव 'अंतिम सितारा', आणि तेही मालगाडीचेच. पहिला मान आणि शेवटचा निरोप दोन्ही मालगाडीला. मधल्या काळातले फोटो फक्त एक्स्प्रेसचे, हा कुठला न्याय?

यावर सौभाग्यवतींचे उत्तर तयार असते. "अहो, पण दिसायला काय आहे त्यात?"

दिसायला! आमच्या घरातल्या जुन्या अल्बममध्ये आत्याबाईंच्या दिरांचा फोटो आहे. त्यांच्याबद्दल मी आदराने एवढेच म्हणेन, की दिसण्यासाठी तो काढलेला नाही. तरी तो पहिल्या पानावर आहे. कारण ते आपले आहेत. इंजिन आपले नाही काय? या सांगली-साताऱ्याच्या मुलखाने जे काही कमावले त्यातले कितीतरी मालगाडीने बाहेर गेले. सांगलीची हळद गेली, गूळ गेला, साखर गेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनालगतच्या माळावर कारखाना टाकला तो काय हवा खाण्यासाठी? लोखंड आत यायला आणि नांगर बाहेर जायला रूळ जवळ हवे होते. पुढे स्टेशनचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. इंजिनाचा फोटो मात्र कुठल्या घरात लागला नाही. घरात फोटो नांगराचाही नाही, हे खरे. पण एका वेळी एकाच अन्यायाबद्दल भांडावे, नाही तर संपादक लेख परत पाठवतात.

माझे मामा मिरजेला मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्यात, हातात हिरवी-लाल झेंडी आणि कंदील घेऊन काढली. मालगाडीच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात. इंग्रजी 'वॅगन'ची वाघीण करणारी आपली भाषा धन्यच. मामा म्हणायचे, "चाळीस वाघिणी पुढं आणि मी एकटा मागं. सर्कशीतल्या माणसाला तरी निदान चाबूक देतात." २०२२ साली रेल्वेने गार्डाचे नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केले. मामा तोवर असते तर त्यांनी विचारले असते, "पगार कुणाचा, गार्डाचा का मॅनेजरचा?"

मामांना इंजिने आवाजावरून ओळखू यायची. रात्री अंगणात बाजेवर पडल्या पडल्या ते सांगायचे, "हे दम्याचं हाय. घाट चढताना त्रास देणार." किंवा, "ह्येला आत्ताच तेलपाणी झालंय, बघ कसं सुरात चाललंय." त्यांच्या वेळी मिरजेचे यार्ड म्हणजे एक नवल होते. पुण्याकडची लाइन १९७० च्या सुमारास ब्रॉडगेज झाली. बेळगावकडची मीटरगेज राहिली, ती बदलायला पुढे वीसएक वर्षे गेली. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज तर नव्या शतकातही काही वर्षे टिकली. तीन मापांचे रूळ एकाच यार्डात! एका गाडीतला माल हमालांनी पाठीवर घेऊन दुसऱ्या मापाच्या गाडीत भरायचा. एखाद्या घरात तीन सुना तीन चुली मांडून बसाव्यात आणि पीठ-मीठ मात्र इकडून तिकडे चालू राहावे, तसला तो संसार होता.

आता सांगतो ती गोष्ट हसण्याची नाही. मामांचे घरात एकंदर तीन फोटो आहेत. एक लग्नातला, त्यात मुंडावळ्यांमुळे चेहरा दिसत नाही. एक आमच्या मुंजीतला, त्यात जेवताना मान खाली आहे. तिसरा निवृत्तीच्या दिवशीचा, स्टुडिओत जाऊन काढलेला. गळ्यात हार, मागे पडद्यावर रंगवलेला ताजमहाल. ताजमहाल मामांनी आयुष्यात पाहिला नव्हता. ज्या गाडीत त्यांनी हयात काढली तिच्याशेजारी उभा असलेला त्यांचा एकही फोटो नाही. दोष कुणाला द्यायचा? त्या वेळी आमच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलात बारा फोटो. वडील ते बारा फोटो रेशनच्या साखरेसारखे वाटायचे : तीन बारशाला, चार लग्नाला, दोन देवदर्शनाला. मालगाडीला त्यात शिधा नव्हता. पण आता? आता मेहुण्यांच्या खिशातल्या फोनमध्ये हजारो फोटो मावतात. त्यात थालीपीठ आहे, थालीपिठावरचे लोणी आहे, लोणी विरघळल्यानंतरचे थालीपीठ आहे. रोल संपण्याची भीती गेली, तरी मालगाडी अजून रांगेत उभीच आहे.

घरच्यांना इथे सोडतो. रात्री जेवायचे त्यांच्याकडेच आहे.

दुसरे वाफवाले. हे माझ्याच पंथातले, म्हणून यांच्याशी भांडण जास्त कडू. यांच्या लेखी वाफेचे इंजिन संपले तिथे रेल्वे संपली. डिझेल म्हणजे पत्र्याचा डबा. वाफेच्या इंजिनाची चाके दिसतात, दांडे हलतात, शिट्टी काळजाला भिडते. डिझेलमध्ये काय आहे? असे म्हणून ते डोळे मिटून घेतात आणि कोळशाचा वास आठवतात. तो वास त्यांना आठवतो कारण त्या कोळशाने डोळ्यात गेलेले कण ते विसरले आहेत. आमच्या आईचे पांढरे लुगडे कोल्हापूरला पोचेपर्यंत राखी व्हायचे.

वाफेचे इंजिन देखणे होते, यात वाद नाही. पण त्याची हौस आता पुरती फेडून झाली आहे. ठिकठिकाणी स्टेशनांबाहेर चौथऱ्यावर ते रंगवून बसवले आहे, भोवती कुंपण आहे, लॉन आहे, दिल्लीला संग्रहालय आहे. डिझेलच्या इंजिनाला मात्र सरळ लिलाव. आणि या पत्र्याच्या डब्याचा इतिहास काय कमी आहे? डब्ल्यूडीएम-२ हे नाव बघा. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिश्र. मेल मिळाली तर मेल ओढील, मालगाडी मिळाली तर मालगाडी. मध्यमवर्गीय माणसाची याहून चांगली व्याख्या मी वाचलेली नाही. अमेरिकेतल्या आल्को कंपनीचे हे डिझाइन. पहिली इंजिने १९६२ साली तिकडून आली. जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून आपले पहिले बाहेर पडले, तेव्हा लालबहादूर शास्त्री आले होते. पुढे अशी अडीच हजारांहून जास्त झाली. ताकद २६०० अश्वशक्तीची. गंमत अशी, की आल्कोचा अमेरिकेतला इंजिनांचा कारखाना १९६९ साली बंद पडला. माहेर बुडाले, लेक मात्र सासरी पन्नास वर्षे राबली आणि तिच्या पोटी डब्ल्यूडीजी-३ए सारखी ३१०० अश्वशक्तीची खास मालगाडीची लेकरे झाली. घोरपडीच्या शेडचे नाव अंगावर लिहिलेली ही इंजिने आमच्या मिरजेच्या यार्डात किती वर्षे येत-जात होती!

आणि आवाज म्हणाल तर त्यालाही व्यक्तिमत्त्व आहे. आल्को उभे असताना कुणीतरी वाड्यात खल-बत्ता चालवल्यासारखे धुगधुगत असते. ड्रायव्हरने नॉच वाढवला की आधी काळ्या धुराचा लोट, मग एक मोठा उसासा, आणि मग हलायला सुरुवात. सकाळी सहाला उठवल्यावर आमचे चिरंजीव जे जे करतात ते सगळे, त्याच क्रमाने. नंतर आलेल्या जनरल मोटर्सच्या तंत्राची इंजिने ४००० अश्वशक्तीची, हुशार, डिझेल कमी पिणारी. त्यांचा सूर मात्र मिक्सरचा. खल-बत्ता आणि मिक्सर यात काय फरक आहे ते चटणी खाणाऱ्याला सांगावे लागत नाही.

या आल्कोंचे म्हातारपण मी यार्डात पाहिले आहे. तरुणपणी एक्स्प्रेस ओढल्या, पुढे मालगाडी आली, आणि शेवटी यार्डातले शंटिंग. चार वाघिणी इकडून तिकडे न्यायच्या, सांधेवाल्याची झेंडी हलली की थांबायचे. निवृत्त हेडमास्तरांनी नातवाला शाळेत सोडावे आणि आणावे, तसे. एकेकाळी त्यांनी अख्खी शाळा चालवली होती, हे फाटकावरच्या शिपायालाही माहीत नसते. वाफवाल्यांनी निदान त्या हेडमास्तरांकडे पाठ करू नये.

आता तिसरे, पाटीवाले. यांच्याशी भांडताना आवाज जरा खाली ठेवावा लागतो.

'येथे फोटो काढण्यास मनाई आहे' ही पाटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. एका जंक्शनवर, नाव मुद्दाम सांगत नाही, मी फलाटाच्या टोकाला उभा राहून शेजारच्या रुळावरच्या इंजिनाचा फोटो घेतला. खाकी कपड्यातले एक साहेब आले.

"काय काढताय?"

"फोटो."

"कशाचा?"

"त्या इंजिनाचा."

साहेबांनी इंजिनाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा इंजिनाकडे पाहिले. "त्यात काय हाय बघण्यासारखं?"

"काहीच नाही."

"मग काढता कशाला?"

"आणि बघण्यासारखं काही नाही तर मनाई कशाची?"

हा प्रश्न तर्काने बिनतोड होता, पण खाकी कपड्यांना तर्काचे खिसे नसतात. फोटो पुसून टाकायला लावला. मी पुसत असताना कॉलेजची पाच-सहा पोरे फलाटाच्या पिवळ्या पट्ट्यापलीकडे नाचाचे चित्रण करत होती. त्यातला एकजण साहेबांना म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." साहेब बाजूला झाले.

आता यातला शहाणपणाचा भाग मला मान्य आहे. रुळांत उतरू नये. यार्डात घुसू नये. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यात कलम १४७ आहे, विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत घुसले तर सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. असावे. ते जास्त कडक केले तरी माझी हरकत नाही. धावत्या गाडीपुढे पाठ करून स्वतःचा फोटो काढणाऱ्यांनी जीव गमावले आहेत. मी उड्डाणपुलावर उभा राहतो, फाटकाबाहेर उभा राहतो, अंकलीला कृष्णेच्या पुलाजवळ उन्हात तास-तास थांबतो. इंजिन माझ्याकडे येते, मी इंजिनाकडे जात नाही. माझे भांडण सुरक्षेशी नाहीच. ते त्या 'गुपित' या शब्दाशी आहे.

सरकारी गुपितांचा कायदा १९२३ सालचा. त्यात अशी सोय आहे, की सरकार अधिसूचना काढून एखादी रेल्वेही निषिद्ध ठिकाण ठरवू शकते. १९२३ साली साहेबाला भीती वाटत होती ती रास्तच होती. आमच्या भागातल्या माणसांची त्याने भीती बाळगलीच पाहिजे होती. ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तूफान सेनेने शेणोलीला पगाराची रोकड नेणारी गाडी अडवून लुटली, ती याच पुणे-मिरज रुळांवर. पण आता साहेब गेला. आज जगातल्या कुठल्याही खोलीत बसून मिरजेचे यार्ड आकाशातून बघता येते, रूळ मोजता येतात. उपग्रहाला पाटी वाचता येत नाही. वाचता येते ती आष्ट्याच्या माणसाला, आणि तो पाळतोही. म्हणजे ज्याला लपवायचे त्याला सगळे दिसते, आणि ज्याचे आहे त्यालाच बंदी. त्याच स्टेशनावर बाहेर 'सेल्फी पॉइंट' असतो. तिथे स्वतःचा फोटो काढायला रेल्वेची ना नाही. प्रवाशाने स्वतःकडे हवे तितके बघावे. रेल्वेकडे बघू नये!

शेणोलीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. त्या दिवशी त्या गाडीला जे इंजिन होते, त्याचा फोटो कुणी पाहिला आहे काय? मी तरी पाहिलेला नाही. स्वातंत्र्याच्या लढाईत उभे राहिलेले ते इंजिन नेमके कोणते, त्याचा नंबर काय, पुढे ते कुठे मोडले, काही नाही. बरे, ती जुनी गोष्ट. कालपरवाची घ्या. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी मालगाडीने गेले. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या वाटेने, जिथून एकेकाळी ती अडीच फुटी छोटी गाडी डुलत जायची. सगळ्या देशाने त्या टाक्यांचे फोटो पाहिले. पुढे डिझेलचे इंजिन होते. त्याचा नंबर काय होता? मी दहा जणांना विचारले. अकरावा म्हणाला, "इंजिन कशाला लागतंय? पाणी पोचल्याशी मतलब." त्याचे बरोबर आहे. पण कावडीच्या पाण्याने देवाला अंघोळ घातल्यावर कावडवाल्याचे नावही विचारायचे नाही, ही रीत मला पसंत नाही.

आणि न विचारल्याने काय होते ते सांगलीत जाऊन बघा. तिथे स्टेशन चौक आहे. भले मोठे चौक, तिथे पुढाऱ्यांच्या सभा होतात. स्टेशन नाही! संस्थानच्या काळात मिरजेहून गावात येणारा छोटा फाटा होता, ब्रॉडगेज आली आणि स्टेशन गावाबाहेर गेले. चौक मागे राहिला, नाव चिकटून राहिले. आजच्या पोरांना वाटते, आधीच्या कुणा पुढाऱ्याने स्टेशन मंजूर केले असेल आणि दुसऱ्याने रद्द केले असेल. एखादा फोटो चौकात लावला असता तर निदान पुढाऱ्यांवरचा एक आरोप कमी झाला असता.

म्हणून मला घाई आहे. रेल्वेचे ब्रॉडगेजचे विद्युतीकरण जवळजवळ पुरे झाले. पुणे-मिरज मार्गावरही तारा आल्या. धूर गेला, डिझेल वाचले, चांगलेच झाले. मी काही धुराचा वकील नाही. वाराणसीच्या त्याच कारखान्याने २०१८ साली दोन जुनी डिझेल इंजिने घेऊन त्यांचे विजेवर चालणारे जोड-इंजिन केले. निवृत्तांना कॉम्प्युटर शिकवण्याचा असा सरकारी प्रयोग दुसरा नसेल. पण सगळ्यांच्या नशिबी पुनर्जन्म नसतो. बाकीच्या आल्कोंवर खडूने फुली मारतात, मग लिलाव, मग गॅस कटर. शंभराहून जास्त टनांचा तो देह, त्याचे तुकडे वजनावर जातात. त्याने ओढलेल्या साखरेचे, खताचे, पाण्याचे वजन त्या काट्यावर येत नाही.

तर माझ्या मागण्या, आणि त्या बिनखर्चाच्या आहेत. एक : मोठ्या यार्डाच्या स्टेशनात फलाटाच्या टोकाला, कठड्याच्या आत, चौकोन आखून पाटी लावा, 'येथून फोटो काढण्यास परवानगी आहे.' मनाईच्या इतक्या पाट्या रंगवल्या, एक परवानगीची रंगवल्याने रंग संपणार नाही. दोन : इंजिन मोडण्याआधी रेल्वेनेच त्याचा एक सरळ, नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवावा. माणसाला पेन्शन देताना तीन प्रती घेता, इंजिनाची एक घ्या. तीन : मिरजेला एक जुने मालगाडीचे डिझेल चौथऱ्यावर उभे करा. रंगवू नका, तसेच काळवंडलेले ठेवा. शेजारी गार्डाचा डबा जोडा आणि त्यात माणूस बसायचा, हे लिहा.

आणि चौथी मागणी वाचकांना. तुमच्याकडे कुणी मामा, काका, आजोबा रेल्वेत असतील. त्यांचे जुने फोटो तुम्ही फ्रेममध्ये बसवायला कात्री घेऊन बसाल. एखाद्या फोटोत त्यांच्या खांद्यामागे कोपऱ्यात काळे, अर्धवट काहीतरी आले असेल. ते कापू नका. ते इंजिन आहे. नंबर वाचता येत असेल तर फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि वाचता येत नसेल तर मला कळवा. पत्ता वर दिलाच आहे. भिंग घेऊन पहिल्या एसटीने येतो.